नाताळची टोपी

भरूच,
१४ डिसेंबर १९८०

प्रिय प्रभ्या,

तुझं पत्र सोमवारी मिळालं आणि तुझ्या आईने, आमच्या मावशींनी, पाठवलेला फराळाचा डबा काल. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातल्या कारकुनाने डबा आधी कानाशी हलवून बघितला, मगच मला दिला. आम्ही इथे आठ दिवस अडकून पडलोय. आमच्या ट्रकचा मागचा स्प्रिंगचा पाटा तुटला, दुसरा बडोद्याहून यायचाय, आणि तोवर ड्रायव्हर धाब्याच्या खाटेवर पालथा पडून असतो. त्याने बसल्याबसल्या सहा करंज्या संपवल्या आणि मग विचारलं, दिवाळी होऊन महिना उलटला, ही कसली करंजी. म्हटलं नाताळची. तो म्हणाला, ख्रिश्चन लोक केक खातात ना राव. मी म्हटलं, आमचे नगरकडचे ख्रिश्चन आधी करंजी खातात, मग केक खातात, मग बोकड खातात, आणि मग आडवे होऊन गाणी म्हणतात. त्याला ते एवढं पटलं की त्याने सातवी उचलली.

पण पत्र करंज्यांसाठी लिहीत नाहीये. तू लिहिलंयस की तुझ्या बाबांचा, आमच्या काकांचा, जबडा फोडणारा अखेर सापडला. टेम्पोचा नंबर कळला, टेम्पो तालमीतल्या गुरुदत्तचा निघाला. नाताळ सुखाने होऊ द्यायचा, मावशींच्या डोळ्यांना पाणी नको, आणि सव्वीस तारखेला गुरुदत्तला भोसरीच्या तालमीमागे गाठून त्याचे दात मोजून घ्यायचे. कंपनीच्या भंगारातून हातभर पाइप कापून आणलायस, त्याला धरायला सुतळी पण गुंडाळलीस, इतकं बारीक लिहिलंयस. प्रभ्या, गुरुदत्तला हात लावू नकोस. निदान हे पत्र पुरं वाचेपर्यंत तरी नको. तो त्या सकाळी टेम्पोतून खाली उतरलाच नव्हता, स्टेअरिंग धरून बसला होता. मला कसं माहीत ते सांगतो, पण तू मला ओळखतोस, मी सरळ रस्त्याने आजवर कुठेच पोचलेलो नाही.

मागचा नाताळ आठवतो का तुला? मला इथे रोज आठवतो, कारण धाब्यावर डाळ आणि वर पुन्हा डाळ. केकचं पीठ भिजवलेली ती दोन पत्र्याची भांडी आपण सायकलला बांधून पिंपरी कँपातल्या बेकरीत भाजायला नेली होती. वाटेत रेल्वेच्या फाटकावर तू ब्रेक दाबलास आणि अर्धं पीठ माझ्या पाठीवर आलं. बेकरीत ही रांग, सगळ्या नाताळवाल्या घरांची भांडी, प्रत्येकावर कोळशाने नाव. तुझी धाकटी पद्मा म्हणाली, मालूच्या पाठीला पण नाव घाला आणि आत सरकवा. मग चोवीसच्या सकाळी बोकड. पाय मी धरले होते, कारण तुला जमत नाही, तू तोंड फिरवतोस. मला जमतं. बोकडाने शेवटची जी लाथ झाडली ती माझ्या मनगटात अजून आहे. काका सुरी पुसत म्हणाले होते, मालूचा हात चांगला आहे, थरथरत नाही. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

आणि जेवण. तू आणि मी पैज लावली, एकोणीस करंज्या आणि वर चार ताटं मटण-भात. तू चौथ्या ताटाला उठून मोरीकडे पळालास. मी जिंकलो आणि अंगणातल्या शेवग्याखाली मेल्यासारखा पडलो, तर पद्मा येऊन माझ्या नाकाला सूत लावून बघत होती, श्वास चालतो का. पण खरे पैलवान काका. कुणाशी पैज नाही की काही नाही, शांतपणे ताटातली नळी उचलायची, दाढेखाली धरायची आणि कटकन फोडायची. आख्ख्या चाळीत तसा आवाज कुणाच्या दाढेचा नव्हता. पन्नाशीच्या माणसाचे दात असे, आणि आपण दोघं उलट्या करतोय.

जेवणानंतर मावशींनी गाठोडं सोडलं. दर नाताळला काहीतरी विणलेलं. तुला लाल-पिवळ्या पट्ट्यांचा स्वेटर, पद्माला शाल, काकांना मफलर, आणि उरलेल्या लाल-पिवळ्या लोकरीची मला माकडटोपी. तुझा स्वेटर आणि माझी टोपी एकाच लोकरीचे. काका हसत होते की रोज संध्याकाळी लोकर धरून धरून त्यांचे हात खांबासारखे ताठ झाले. मी टोपी तिथेच घातली आणि रात्रीपर्यंत काढली नाही. आमच्या घरात माझ्या मापाचं कुणी काही केलं नव्हतं. तुला माहीत आहेच, एमआयडीसीने जमीन घेतली तेव्हा आमच्या वडिलांनी, अर्जुनरावांनी, बैल विकले पण चाबूक ठेवला. सातवीत सहामाहीला नापास झालो तेव्हा तो पाठीवर इतका चालला की शर्ट पाठीला चिकटला, आणि मी पळून तुमच्याकडे आलो तो नेमका नाताळचा दिवस. मावशींनी एक प्रश्न विचारला नाही. आधी पाठीला हळद-तेल लावलं, मग पाट टाकला. तेव्हापासून तुमच्याकडचं माझं नाताळचं ताट एकदाही चुकलं नाही, मी कुठेही भटकत असलो तरी. आता चुकेल की काय, तेच सांगायला बसलोय.

नाताळ झाला आणि पंधरवड्यात काकांच्या कारखान्यात संप पेटला. काका युनियनचे जुने माणूस, गेटवर बसायचे. आणि कामगार पुरवणारे आमच्या गावचे मारुतराव, त्यांना गेट उघडायला हवं होतं. मारुतरावांनी तालमीतल्या पोरांना वाड्यावर बोलवून दूध पाजलं आणि म्हणाले, ही बाहेरची लोकं आपल्या जमिनीवर कारखान्यात बसून ऐट करत्यात, आन् आपली पोरं मोकळी हिंडत्यात, ह्ये बराबर न्हाई. ज्यो माझ्यासंगं येईल त्याला पर्मनंट करून घेतो. प्रभ्या, तालमीतलं पोरगं तीस जोर मारून उठतं तेव्हा त्याला कुणालातरी उचलून आपटायचंच असतं. त्यात डोक्यात आधीच घरचा चाबूक. मारुतरावांना फार बोलावं लागलं नाही.

थंडी इतकी होती की गेटसमोर टायर जाळून माणसं शेकत बसली होती. सकाळी साडेसहाला टेम्पो आला. मागे अकरा जण, सगळ्यांच्या माकडटोप्या नाकापर्यंत ओढलेल्या. थंडीत माकडटोपीला कोण विचारतो, म्हणून ती युक्ती. उड्या टाकल्या आणि सरळ शेकोटीत घुसले. एकाने पेटता टायर लाथेने उडवला, तो एका म्हाताऱ्याच्या मांडीवर पडला, कातडं जळल्याचा वास मी अजून कुठे मटण भाजत असेल तर ओळखतो आणि उठून जातो. कुणाचा गुडघा गेला, कुणाची बरगडी. कंदील फुटला. पळताना लोक चपला टाकून पळाले, रस्ताभर चपला. काका पळाले नाहीत. ते त्या जळालेल्या म्हाताऱ्याला ओढत होते, पाठ इकडे. म्हणून पहिला फटका खांद्यावर बसला. ते वळले. दुसरा तोंडावर बसला. आवाज तोच झाला, नळी फुटल्यासारखा. मग खाली पडताना त्यांनी हात वर केला आणि मारणाऱ्याची टोपी त्यांच्या मुठीत आली. तो तसाच उघड्या डोक्याने टेम्पोत चढला. तेवढ्यात धूर एवढा झाला होता की बाकी कुणी पाहिलं नसावं.

मग दवाखाना. तारेने जबडा बांधलेला, तोंड उघडायचं नाही, नळीने पेज. बोलता येत नाही म्हणून तू पद्माची जुनी पाटी उशाशी ठेवली होतीस. मी पण होतो तिथे, आठवतं का, तिसऱ्या दिवशी, कोपऱ्यात संत्री घेऊन उभा. संत्री. तार बांधलेल्या माणसाला. तू पाटी पुढे धरून विचारलंस, बाबा, कोण होता, फक्त नाव लिहा, बाकी मी बघतो. काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग लिहिलं, टोप्या होत्या, दिसलं नाही. तू पुसलंस, पुन्हा विचारलंस, त्यांनी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिलं, मालू उपाशी दिसतो, जेवू घाल. मावशी म्हणाल्या, अरे तुझे कान लाल झालेत, टोपी कुठाय तुझी? मी म्हटलं घरी राहिली. त्यांनी काकांच्या उशाखाली चादर नीट खोचली. त्यांना तेव्हा माहीत होतं की नव्हतं, हे मी अकरा महिने घोकतोय. आठवड्याने मी गाडीवर क्लीनर म्हणून चढलो. तू म्हणालास, भावा, माझ्यावर ही वेळ आणि तू भटकायला चाललास. मी हसलो होतो. तेव्हा दुसरं काही येत नव्हतं.

पर्मनंट झालो नाही, हे सांगायची गरज नाही. बरं झालं. परवा इथे धाब्यावर एका गाडीवाल्याने आमच्या ड्रायव्हरची गचांडी धरली, मी पान्हा उचलला आणि हात अर्ध्यात थांबला. थरथरायला लागला. त्या माणसाने माझ्या पोटात दोन गुद्दे घातले, मी पान्हा हातात घेऊन उभाच. ड्रायव्हर रात्रभर मला शिव्या देत होता, म्हणाला पान्हा काय ओवाळायला घेतला होता काय. काकांना सांग कधी तरी, मालूचा हात आता थरथरतो.

आता डब्याचं. वर करंज्या, मधे केकचा तुकडा कागदात, आणि तळाशी जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली, काकांच्या मुठीत राहिलेली माझी लाल-पिवळी माकडटोपी. धुतलेली, घडी घातलेली. एक कान उसवला होता तो पुन्हा विणलाय, पण ती लोकर संपलेली असणार, म्हणून तेवढा कान निळा आहे. चिठ्ठी नाही. तू सव्वीस तारखेचं बोलायला लागल्यावर मावशींनी टोपी पाठवली, म्हणजे खरं मी स्वतःच सांगावं, एवढं मला कळलं. त्यांना मला पकडून द्यायचं असतं तर अकरा महिने ती उशाखाली ठेवली नसती, आणि मला वाचवायचं असतं तर तुझ्या पाइपसमोर गुरुदत्तला जाऊ दिलं असतं. प्रभ्या, पहिला फटका मारला तेव्हा ते काका आहेत हे मला माहीत नव्हतं. माझ्या हिशेबी ते दुपारी गेटवर यायचे. दुसरा मारला तेव्हा माहीत होतं. त्यांनी टोपी ओळखली, लोकर त्यांनीच धरली होती, आणि माझं नाव घ्यायला तोंड उघडलं. ते नाव बाहेर पडू नये म्हणून मी तोंडावर मारलं. यात थंडी, मारुतराव, चाबूक, कुणाचाच दोष नाही, तेवढा एक फटका माझा आहे. म्हणून हे पत्र. गुरुदत्त माझं नाव सांगणार नाही, तालमीची शपथ खाऊन बसलाय गाढव, तू मारलंस तरी सांगणार नाही. पाटा बसो न बसो, गाडीची वाट न बघता मी रेल्वेने निघतो. पंचवीसच्या सकाळी चर्चमधली उपासना सुटेल तेव्हा चाळीच्या शेवग्याखाली उभा असेन, डोक्यावर हीच टोपी, निळ्या कानाची, म्हणजे शोधायला नको. पाइप घेऊन ये. जेवणाआधी की नंतर ते तुझं तू ठरव, मी पळणार नाही. फक्त दात घे आणि हात राहू दे. तू लिहिलंयस की काका आता मटणाचा नुसता रस्सा पितात. या वर्षी त्यांच्या ताटातलं मटण कुणीतरी बारीक करून द्यायला हवं.

तू म्हणशील तोवर तुझाच,
मालोजी