पेटल्या चुलीला हात लावू नये

आप्पा, गेल्या आठवड्यात मंगळवारी आमच्या कार्यालयानं नदीकाठची पालं काढली, आणि महिला कर्मचारी पाहिजे म्हणून मलाही पाठवलं. हे तुम्हाला सांगायला बसायला मला आठ दिवस लागले. घरात कुणाला काही बोललेले नाही. ह्यांना एवढंच माहीत आहे की त्या दिवशी डबा तसाच परत आला. तुम्ही शिरूरला नगरपालिकेत मुकादम होतात, अशी पालं तुम्हीही उठवलीत, म्हणून माझं म्हणणं कळलं तर तुम्हालाच कळेल असं वाटतं. आणि सांगायची भीतीही तुमचीच वाटते.

तुम्ही गेल्यावर मी परीक्षा देऊन नोकरीला लागले, ते कार्यालय इकडे दौंडच्या बाजूला आहे. त्याचं नाव लिहीत नाही. पुलाच्या अलीकडे, बाभळींच्या आडोशाला अकरा पालं होती. काठ्या, ताडपत्र्या, जुने फ्लेक्स. एका पालावर निवडणुकीचा फ्लेक्स उलटा टाकला होता, त्यामुळे हात जोडलेला उमेदवार डोक्यावर उभा होता. ही माणसं खराटे बांधतात, भंगार गोळा करतात, उसाच्या दिवसांत कुठं तोडीला जातात आणि परत इथंच येतात. त्या जागेवर आता बाग आणि फिरायचा रस्ता होणार आहे. आधी नोटीस द्यावी लागते. नोटिशीत नाव आणि पत्त्याची जागा असते. नावं विचारायला कुणी गेलं नव्हतं, म्हणून मी अकराही नोटिशींवर ‘अनोळखी अतिक्रमणधारक’ असं लिहिलं. पत्त्याच्या जागी, जिथून त्यांना उठवायचं होतं तीच जागा लिहिली. ताडपत्रीला खळ चिकटेना, तेव्हा शिपायानं नोटिसा सुतळीनं काठ्यांना बांधल्या. फोटो काढेपर्यंत त्या राहिल्या.

तुमच्या वेळी नोटीस वाचून दाखवायचं काम तुम्ही स्वतः करायचात. आई सांगायची, हे तिथं जाऊन बसतात, चहा पितात आणि मग सांगतात की उठा. मला शिरूरचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. मी सातवीत आहे, शाळेला उशीर झालाय, आणि घाईत मी चुलीवर तांब्याभर पाणी ओतते. राख उसळून परातीतल्या पिठात पडते. तुम्ही घरात आवाज चढवत नव्हता. त्या दिवशी चढवलात. “चुलीवर पानी वततात व्हय गं? लाकडं मागं वढायची. ती आपसूक निवती.” तुम्ही उकिडवे बसून एकेक लाकूड मागं ओढून दाखवलंत, निखाऱ्यांवर राख लोटलीत, आणि मग म्हणालात की कामावरही आपला हाच नेम आहे. पेटल्या चुलीला हात लावायचा नाही. पालात चूल पेटलेली असेल तर ती निवेपर्यंत आपली माणसं बाहेर थांबणार. तेवढ्या वेळात भाकरी होते, पोरं जेवतात, सामान बांधून होतं.

हा नेम पालवाल्यांनाही ठाऊक झाला होता. एकदा त्यांनी घोडनदीच्या काठावर तीन दिवस चुली निवूच दिल्या नाहीत आणि तुम्ही तीन दिवस बाहेर खराट्याच्या ढिगावर बसून राहिलात. तुमच्या साहेबांनी तुम्हाला तिथून काढून कचरा डेपोवर टाकलं. त्या दिवशी भाकरी थापता थापता आई म्हणाली ते मी विसरले नाही. “लोकांच्या चुली राखा तुम्ही. तुमच्या ह्या नेमापायी एक दिस आपली चूल इझंल!” तुम्ही हसलात आणि म्हणालात, “इझली तर इझली, पानी वतू नगं म्हंजी झालं.” मी तुम्हाला देव करत नाही. चौथ्या दिवशी ती पालं निघालीच, आणि पुढची कित्येक तुम्हीच काढलीत. पण काढून आलात की तुम्ही पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हता, आणि त्या दिवशी जेवताना बोलत नव्हता.

मंगळवारी सकाळी नऊला आम्ही पोचलो. दोन पोलीस, एक जेसीबी, एक टेम्पो, फोटो काढणारा, आणि आमचे साहेब. साहेब वाईट नाहीत. वय माझ्याहून कमी, सारखा फोन, दुसऱ्या दिवशी वरून पाहणी होती. दहा पालं तासाभरात निघाली. माणसांना सवय असते, आप्पा. काठ्या कुठून उपटायच्या ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. शेवटचं पाल राहिलं. त्याच्या दारात एक म्हातारी दोन्ही हात पसरून उभी होती आणि ताडपत्रीच्या फटीतून धूर येत होता.

“सून बाळंत हाय आत,” ती म्हणाली. “सातवा दिस हाय आज. परवा पाचवी पुजली. पाच दिस द्या सायेब, बारसं झालं का आमचं आमीच उठतो. तुमची ही मशिनबी लागायची न्हाई.”

साहेब म्हणाले, “आजी, निवारा केंद्रात जागा आहे. पक्कं छप्पर आहे, पंखा आहे. तिथं जा ना.”

“तिथं चूल मांडू देत्यात का?”

“चूल कशाला? जेवणाचा डबा येतो तिथं.”

“बाळंतिणीचं पानी डब्यातनं येतंय व्हय? आन् शेक? तो पंख्यानं द्यायचा?”

एक पोलीस हसला. जेसीबीवाला इंजिन चालू ठेवून बसला होता. तो वरून ओरडला, “मॅडम, जल्दी बोलो, दूसरी साइट पे भी जाना है.” साहेबांनी घड्याळ बघितलं आणि मला बाजूला घेतलं. “मॅडम, आम्हाला आत जाता येणार नाही. तुम्ही बघून या. खरंच बाळंतीण असेल आणि हलवण्यासारखी नसेल, तर मी वर बोलतो, पाच दिवस काढू कसे तरी. पण तसं तुम्ही लिहून द्यायचं. तुमच्या सहीनं.”

म्हणजे ते पाच दिवस माझ्या हातात होते. हे मला तिथंच कळलं होतं, नंतर नाही. तरी मी वाकून आत गेले तेव्हा डोक्यात बाळंतीण नव्हती. उद्याची पाहणी होती, आणि काम अडलं तर कुणामुळे अडलं असं विचारल्यावर ज्या कागदावर बोट ठेवतील त्यावरची माझी सही होती.

आत उभं राहता येत नव्हतं. तीन दगडांची चूल, तिच्यावर काळं पातेलं, पाण्याला आधण येत होतं. पोरगी असेल विशीची, भिंत नाही म्हणून भांड्यांच्या पोत्याला टेकून बसली होती. ओठ पांढरे. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. बाळ तिच्या मांडीवर झोपलं होतं, मुलगी होती. बाहेरच्या इंजिनानं पातेल्यावरचं झाकण थरथरत होतं, तरी ते बाळ झोपलं होतं. पोरगी माझ्याकडं बघेना. ती गळ्यातल्या ओळखपत्राकडं बघत होती. “उठता येतं का?” मी विचारलं. “उटती की,” ती म्हणाली. “उटल्यावर अंधारी येती.”

म्हातारी माझ्या मागून आत आली होती. ती चुलीपुढं बसली आणि तोंड वर करून माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग एकदम म्हणाली, “तू शिरूरच्या मुकादमाची लेक न्हवं? नाक त्येच हाय. दिवाळीची लक्ष्मी मीच देत हुते तुमच्या घरी. तुजी आय वट्यात करंज्या घालायची.”

मला केरसुणी आठवली, आप्पा. लक्ष्मीपूजनाला तुम्ही नवी केरसुणी आणायचात, शिंदीची, बारीक वळलेली, तिला हळदकुंकू लागायचं. “नदीवरच्या बाईनं दिली,” एवढंच तुम्ही सांगायचात. ती ही बाई.

“मुकादम म्हनायचे, पेटल्या चुलीला हात लावू न्हाई,” ती म्हणाली. “तुला ठावं आसंल.”

मी काही बोलले नाही. वाकून बाहेर आले. साहेबांनी विचारलं, “काय?” मी म्हणाले, “बाळंतीण आहे. हलवता येईल.”

एवढेच शब्द. खोटे नाहीत. हलवता कुणालाही येतं. साहेबांनी हुश्श केलं आणि जेसीबीवाल्याला हात केला. तेवढ्यात आतून म्हातारीचा आवाज आला, “थांबा, चूल निवू द्या.” कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. मी ताडपत्री धरून दारात उभी होते, मला आतलं दिसत होतं. तिनं चुलीवर पाणी ओतलं नाही. आधी पातेलं उतरवलं. मग एक लाकूड मागं ओढलं, जमिनीवर घासून विझवलं. मग दुसरं. मग तिसरं. घाई अजिबात नव्हती. साहेब “आजी, आजी” करत होते. इंजिन चालूच होतं, आणि मी मोजल्यासारखी एकेका लाकडाकडं बघत होते, की हे शेवटचं असू नये. शेवटी तिनं निखारे घमेल्यात भरले, वर राख लोटली, आणि घमेलं घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर थांबून म्हणाली, “लावा आता हात.”

सुनेला टेम्पोत भांड्यांमध्ये बसवलं. चढताना तिनं माझा हात धरला, कारण जवळ दुसरं धरायला काही नव्हतं. तिचा हात गरम होता, तापासारखा. मी ते साहेबांना सांगितलं नाही. निवारा केंद्राला ते गेलेच नाहीत, टेम्पो त्यांना नाक्यावर उतरवून परत आला. पंचनाम्यात मी लिहिलं की कुटुंबानं सामान स्वतःहून काढून घेतलं, बळाचा वापर झाला नाही. दुसऱ्या दिवशी पाहणीला कुणी आलं नाही. पुढं ढकलली.

बारावा दिवस रविवारी होता. मी ह्यांना शिरूरला चुलतीकडं जाते म्हणून सांगितलं, एक टोपडं घेतलं आणि एस.टी.त खिडकीशी बसले. न्हावऱ्याच्या थोडं पुढं, उसाच्या फडाला लागून, तीन-चार पालं दिसली. एका पालातून धूर निघत होता. ती त्यांचीच होती की दुसऱ्या कुणाची, मला सांगता येणार नाही. कंडक्टरला घंटी मारायला सांगता आलं असतं. टोपडं माझ्या पर्समध्ये आहे.

हा कागद कुठं ठेवायचा ते ठरलेलं नाही. आईच्या हाती लागायला नको, ती अजून तुमच्याबद्दल बोलताना त्या तीन दिवसांचीच गोष्ट सांगते. रागानं सुरू करते आणि शेवटी हसते.

वर एका ठिकाणी मी लिहिलंय की म्हातारीला मी काही बोलले नाही. ते खरं नाही, आप्पा. ‘तुला ठावं आसंल’ असं ती म्हणाली, तेव्हा मी “मी मुकादमाची लेक नाही” म्हणाले. आत साहेब नव्हते, पोलीस नव्हते. ऐकायला ती होती, तिची सून होती आणि ते झोपलेलं बाळ. म्हातारीनं अजून एकदा माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, “आसू दे बाई. नाकावरनं वाटलं मला.”