दुसऱ्या पट्टीवरची काजं

दादा, पाया पडतो.

माझं तेरा वर्षांचं लेकरू मुलगी म्हणून जन्मलं, पण स्वतःला मुलगा म्हणतं. डॉक्टरांनी वयात येणं लांबवणारं औषध सुचवलंय. त्यावर रविवारच्या बैठकीत तू म्हणालास, "अठराचं होऊ दे. औषध कुठे पळून चाललंय?" सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. आपल्या घरात एकट्याने काही ठरवायचं नाही आणि ज्याचा प्रश्न त्याने बाहेर बसायचं. लेकरू बाहेर आपल्याचसाठी चहा करत होतं.

एक गोष्ट बोललो नाही. त्याने मुलांसारखा शर्ट मागितला होता. मी मुद्दाम काजं बायकांच्या शर्टासारखी उजव्या पट्टीवर पाडली. म्हटलं, कुणाला कळतंय! काल तो शर्ट इस्त्रीला आला. जुनी काजं बुजवलेली, नवी दुसऱ्या पट्टीवर. मी कुणाकडे न शिकता शिंपी झालो, पण इतके बारीक टाके माझेही पडत नाहीत.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सगळे मिळून ठरवता ना, बाबा. मी बाहेर असतो."

औषध द्यावं की थांबावं, मला अजून कळत नाही. पण येत्या रविवारी त्याला आत बसवायचं, हे मी सगळ्यांसमोर मागणार आहे. तुला नाही म्हणायचं तर म्हण, पण त्याच्याकडे बघून म्हण.

बैठकीआधी कुणाला एकट्याला गाठायचं नाही, हाही आपलाच नियम. तो मोडवत नाही, म्हणून हे पत्र शिलाई मशीनच्या खणातच राहील.

रविवारी चहा मी करीन.

तुझा धाकटा