मावशी दाराबाहेर बसली

ता. ३ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, म्हणून आधीच कान पकडते. वस्तीतल्या दवाखान्यांत डॉक्टर तयार व्हावेत म्हणून सरकार पैसे देतं, त्यातून मावशीच्या दवाखान्यात मला शिकाऊ डॉक्टरची जागा मिळाली, हे तू सगळ्यांना अभिमानानं सांगतेस. आता जरा हळू आवाजात सांग. काल तपासणीचे साहेब आले होते. त्यांनी बाकावरच्या एका आजींना विचारलं, ही डॉक्टर तुम्हाला तपासते का? आजी म्हणाल्या, छे, गुणी पोर आहे, कशाला हात लावत नाही!

खोटं नाही गं. पेशंटनं तोंड उघडायच्या आत मावशी त्याचं दुखणं सांगून मोकळी होते. मी पडदा सारते आणि बीपीचा पट्टा गुंडाळून ठेवते. साहेब पंधरा दिवसांनी पुन्हा येणार आहेत. तेव्हाही हेच दिसलं तर जागा रद्द, माझी आणि माझ्यामागून येणाऱ्यांचीही. मावशीला कसं सांगू? तिच्यासमोर माझी बोबडीच वळते.

बाबांना नमस्कार. माया पाठवतेसच, सोबत थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
पिटुकली

ता. ७ मार्च

चि. पिटुकलीस,
अनेक आशीर्वाद.

आजींचं वाचून हसू आवरेना, मग काळजी वाटली. ताई लहानपणापासून अशीच. शाळेत बाईंनी मला प्रश्न विचारला की शेजारच्या वर्गातून ही उत्तर देई. जीव लावते, पण समोरच्याला बोलू देत नाही. मी तिला कधी अडवलं नाही, ते माझं चुकलंच. तू तसं करू नकोस. सरळ सांग, मावशी, तू बाहेर बस. रागावेल, दोन दिवस अबोला धरेल. धरू दे, तेवढंच तुझं काम सोपं!

वेळेवर जेवत जा. आमचा लोभ कमी व्हायचा नाही, तुझी पत्रं तेवढी कमी होऊ देऊ नकोस.

तुझी आई

ता. २० मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लेकीनं मला माझ्याच दवाखान्यातून बाहेर काढलं! मी दोन दिवस तोंड फुगवलं आणि मग दाराबाहेर खुर्ची टाकून बसले.

साहेब आले तेव्हा आत कोपऱ्यावरचा शिंपी होता. सहा वर्षं तो पोट दुखतं म्हणून येतो आणि मी ॲसिडिटीच्या गोळ्या देते. पोरीनं त्याला बोलू दिलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी दोनदा उठले, दोनदा बसले. शेवटी तो म्हणाला, बोटं आखडतात म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी दुखण्यावरची गोळी घेतो. पोटदुखीचं मूळ तिथं होतं! हे डॉक्टरीणबाईंना का नाही सांगितलंत, असं पोरीनं विचारलं. तर म्हणाला, त्यांनी तिथवर पोचूच दिलं नाही.

जागा राहिली. पुढच्या वर्षी आणखी एक शिकाऊ डॉक्टर देतो म्हणालेत. पोरीला जवळ घेतलं, पण शाबासकीला शब्द सापडेनात, तेही मला!

शिंप्याचं ते बोलणं मात्र मनातून जात नाही. आपले बाबा गेल्यावर तुझं शिक्षण, तुझी नोकरी, सगळं मीच ठरवलं. तुला काय व्हायचं होतं, हे मला आजही ठाऊक नाही, आणि त्याचं फार वाईट वाटतं. आता लिही. कितीही पानं होऊ देत. पत्रात मला मध्ये बोलता येत नाही.

तुझी,
ताई