तुझ्या नावानं रानात तीन दिवस

ती. दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आजवर ही नुसती लिहिण्याची रीत होती. या खेपेला आठही अंगं जमिनीला लावून झोपून आलो आहे, तेव्हा शब्द खरा धरावा.) तुझी प्रकृती कशी आहे हे विचारत नाही, कारण "आहे तशी आहे" हे उत्तर मला पाठ आहे. वहिनींची प्रकृती मात्र आवर्जून विचारतो. चार महिने तुला सांभाळून माणूस धडधाकट राहिला असेल, तर ती नवलाची गोष्ट आहे. आमच्याकडे सर्व ठीक. ही ठणठणीत आहे, आणि मी घरात नसताना तीन दिवस फार शांत गेले असं सगळ्यांना सांगत सुटली आहे.

तीन स्टॉपांवर राहणाऱ्या माणसाला पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोन आला की तू तो वहिनींकडे देतोस, आणि समोर बसून बोलायला लागलं की डोळे मिटून घेतोस. मग मी तासभर तुझ्या पापण्यांशी बोलून परत येतो. पत्र डोळे मिटून टाळता येत नाही, वहिनी ते मोठ्यानं वाचून दाखवतात. विषय तुला ठाऊक आहेच. छातीच्या ऑपरेशनला चार महिने झाले, डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम भरून आलंय, चाला, जिने चढा-उतरा. आणि तू तिसऱ्या मजल्यावरून एकदाही खाली उतरलेला नाहीस. खुर्ची ते खिडकी आणि खिडकी ते खुर्ची, एवढाच तुझा प्रवास. तुझ्या लेकीनं डॉक्टरांना विचारून, वाटाड्याची सोय बघून, रानातली ही तीन दिवसांची सहल तुझ्यासाठी ठरवली, आणि तू काय म्हणालास? "धाकट्याला पाठवा, त्याला हवापालट हवी आहे." बागेत गेलो तरी जो मी बाकावरून पाय खाली गवतात टेकवत नाही, त्या मला.

असो. तुझी आज्ञा म्हणून गेलो. (खरं तर हिनं पिशवी भरून दाराबाहेर ठेवली होती.) पण एक घोटाळा झाला. माणूस बदलला तरी फॉर्म तुझाच राहिला. तुझं नाव, तुझं वय आणि आजाराच्या रकान्यात तुझ्या लेकीच्या सुवाच्य अक्षरात तुझं ऑपरेशन, तारखेसकट.

वाटाड्या म्हणजे कुणी दाढीवाला, कमरेला सुरा लावलेला गडी असेल अशी माझी समजूत होती. निघाली ती चाळिशीची एक ठेंगणी बाई, आमच्या दवाखान्यातल्या हेडनर्ससारखी, कमी बोलणारी आणि बोलली की ऐकावंच लागेल अशी. तिनं फॉर्म वाचला, मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, आणि मी खरं सांगायला तोंड उघडणार तोच माझी पिशवी काढून आपल्या खांद्यावर टाकली. दादा, खरं बोलायलाही काळवेळ लागते. ती पिशवी अकरा किलोंची होती. मी तोंड मिटलं.

मग काय विचारतोस, माझी नुसती चंगळ. आपापला तंबू ज्यानं त्यानं उभारायचा, माझा तिनं उभारला. (मी मदत करायला गेलो आणि कापड अंगावर येऊन आतच अडकलो, तेव्हा तिनं मला बाहेर काढून एका ओंडक्यावर बसवलं आणि "हलू नका" म्हणाली.) सगळ्यांना पातळ सूप, मला दाट. दर दोन तासांनी दोन बोटांनी नाडी. इतक्या प्रेमानं माझा हात आमच्या हिनंही कधी धरलेला नाही. बरोबर सहा जण होते. त्यातले भूगोलाचे एक निवृत्त मास्तर माझ्या सोबतीला नेमले होते. ते डोंगर कसा झाला, दरी कशी झाली, दगड काळा का, असं अखंड सांगत चालायचे. मी छातीवर हात ठेवून हळूहळू चालायचो. पहिल्या दिवशी हे नाटक होतं, पण खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवसापर्यंत मला खरंच तिथं काहीतरी दुखायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तंबूची चेन उघडून डोकं बाहेर काढलं. खाली सगळी दरी धुक्यानं भरलेली. आम्ही वर, धुकं खाली, आणि मधून तीन-चार डोंगरांची टोकं तेवढी बाहेर आलेली. कुठंही आवाज नाही. मी ढोपरांवर तसाच राहिलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. दादा, आपल्या दोघांच्याही खिडकीसमोर आयुष्यभर समोरच्या इमारतीची भिंतच आहे. एवढं मोठं काही रोज सकाळी होत असतं आणि ते कुणालाही दाखवण्यासाठी नसतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मला रडू आलं. मास्तर शेजारच्या तंबूतून धुकं कसं तयार होतं ते सांगू लागले, म्हणून आवरलं.

आता मुख्य फजिती. त्या दिवशी दुपारी आम्ही एका कड्याकडे निघालो होतो. मी बुटाची नाडी बांधायला थांबलो, मास्तर बोलत बोलत पुढे गेले. (श्रोता मागे राहिल्याचं त्यांना बऱ्याच वेळानं कळलं. वर्गातही असंच होत असणार.) वळणापलीकडून वाटाड्याबाईचा आवाज आला, "मोठ्या दगडापाशी आलात की वाट बघा." दगड लागला. मी बसलो. तूच सांग, मी दुसरं काय करणार? दातांच्या दवाखान्यात नंबर देण्याच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसून मी दुसरं बोललोय काय? बसा, वाट बघा, नंबर आला की बोलावतो. माझ्या लेखी या शब्दांना दुसरा अर्थच उरलेला नाही. तो दगडही बाकासारखा सपाट होता.

पहिला अर्धा तास मी मनात तिच्या नावानं ओरडत होतो, की लोकांना बसवून ठेवतात आणि विचारत नाहीत. (हे वाक्य मी खिडकीच्या बाहेरून रोज ऐकतो.) मग तुझ्या ऑपरेशनचा दिवस आठवला. त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर पाच तास होतो. एरवी लोकांना बसवणारा मी, पण मला बसता येईना. दरवाजा उघडला की उभा राहायचो. तुला हे कधी सांगितलं नाही, आज लिहितो. मी फार घाबरलो होतो दादा. आई-बाबांच्या मागे मला तूच आहेस.

असा विचार करत बसलो होतो, तेवढ्यात समोरच्या झाडीतून एक हरीण बाहेर आलं. मग दुसरं. माझ्यापासून दहा पावलांवरून पायवाट खाली ओढ्याकडे उतरत होती, त्या वाटेनं ती एकामागून एक चालू लागली. मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. सवयीनं मोजू लागलो. एक्केचाळीस. लहान पिल्लं आयांच्या पोटाशी, माद्या कान हलवत, नर शिंगं फांद्यांतून अलगद सोडवत. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी मध्ये घुसलं नाही, "माझं फक्त एक मिनिटाचं काम आहे" असं कुणी म्हणालं नाही. एकतीस वर्षांत अशी रांग मी पाहिली नाही. शेवटी एक थोराड नर आला. तो थांबला आणि त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून माझ्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाचं माझ्याबद्दल काही ना काही मत असतं, बहुतेक वाईटच. याचं काहीही मत नव्हतं. मी दगड, झाड, तसाच एक. त्याच्या नाकपुड्या फुगताना, मिटताना दिसत होत्या. मग तो गेला आणि खालून पाण्याचा आवाज आला. मी किती लहान आहे ते मला कळलं, आणि दादा, त्याचं वाईट वाटण्याऐवजी मला फार हलकं वाटलं.

मागून धावत पावलं आली. वाटाड्याबाई. तोंड पांढरंफटक पडलेलं.

"छातीत दुखतंय?"

"नाही."

"मग दीड तास बसलात कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, दगडापाशी वाट बघा."

"अहो, इथं दोन वाटा फुटतात. कुठली आपली ते बघा आणि या, असं म्हटलं मी."

तिनं माझं मनगट धरलं, पण तिचाच हात इतका थरथरत होता की नाडी कुणाची मोजायची तेच दोघांना कळेना. तेव्हा मात्र मला स्वतःची लाज वाटली. सगळं सांगून टाकलं: फॉर्म माझा नाही, ऑपरेशन माझं नाही, छाती माझी असली तरी ती ठणठणीत आहे. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती दगडावर बसली, बाटलीतलं अर्धं पाणी प्यायली आणि म्हणाली, "मग ज्यांचं ऑपरेशन झालंय ते कुठंयत?"

"घरी."

"चालता येत नाही त्यांना?"

"येतं."

"मग?"

 मी म्हणालो, "घाबरतो तो." परक्या बाईला तुझं असं सांगितलं, माफ कर. ती म्हणाली, "घाबरणारच. आणा त्यांना. मी हळू चालते." एवढं बोलून तिनं अकरा किलोंची ती पिशवी माझ्या खांद्यावर अडकवली, आणि उरलेली सहल मी सूपही पातळच प्यायलो.

कळावं. लोभ असावा असं शेवटी लिहितात, पण तुझा लोभ मला जन्मभर पुरून उरला आहे. आता तू जरा ऊठ.

तुझाच,
धाकटा

ता. क. : सोबत प्रमाणपत्र जोडलं आहे. तीन दिवस रानात राहून एकोणीस किलोमीटर चालल्याबद्दल ते तुझ्या नावे मिळालं आहे, कारण कागद आधीच छापून आले होते. वहिनींनी हवं तर भिंतीवर लावावं. शेजारपाजारचे विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तू बघ.

दुसरा ता. क. : पुढच्या महिन्यातल्या सहलीत वाटाड्याबाईनं दोन जागा धरून ठेवल्या आहेत. दोन्ही फॉर्म मी भरले आहेत. तुझी सही मला हुबेहूब येते, पण तिनं बजावलंय की ज्याची छाती त्याचीच सही. तेवढ्यासाठी मी रविवारी सकाळी दहाला फॉर्म घेऊन तुमच्या फाटकापाशी कट्ट्यावर बसतो. तू खाली ये. वहिनींना पाठवू नकोस, त्यांना मी विचारून ठेवलंय, त्या येणार नाहीत.

शेवटचा ता. क. : मीच वर का येत नाही, असं तू विचारशील. रानात तीन दिवस मला साधं खरचटलंही नाही. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आमच्याच बाथरूममध्ये घसरलो आणि घोटा मुरगळला. घरात सगळ्यात सुखरूप, असं तू म्हणतोस ना, म्हणून कळवलं. मला पंधरा दिवस जिने बंद आहेत. तुला नाहीत. पट्टी खरी आहे. विश्वास नसेल तर खाली येऊन बघ.