पाला खाणारे मासे

९ फेब्रुवारी

शेपूट फाटलं! काल आणलेला मासा, आज शेपूट फाटलं. पेटीतल्या जुन्या मासळीनं, हळदीनं फाडलं. मी चहा गाळत होते तेवढ्यात उरकलं तिनं.

ह्याला सगळी आई कारण आहे. हो, आईच! रत्नागिरीहून कायमची निघाले तेव्हा संसारातली ही एक माशांची सहा फुटी काचेची पेटी तेवढी टेम्पोत घातली. बाकी सगळं नवऱ्याला ठेवलं. इथं पालमला दारात उतरले तर आईचा पहिला सवाल, "हे काय खातेत?" मी कशी आहे, जेवले का, ते नाही. मासे काय खातात! कोळंबी म्हणाले असते तर पेटीसकट मला रस्त्यावर ठेवलं असतं. रोज तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करणारी बाई, तिच्या फ्रीजमध्ये कोळंबी कुठून राहायला. मी म्हणाले, पाला खातात. "मंग असू दे. पर पाला खानारेच. दुसरं काई या घरात येनार न्हाई."

पाला खाणारे म्हणजे टँग, समुद्रातले मासे. ताटलीसारखे चपटे, शेळीसारखे दिवसभर चरणारे. पिवळी हळदी आणि निळा निळू, दोघं लहान असताना एकदमच सोडले होते, म्हणून त्यांचं जमलं. तिसरा मला वेगळ्या जातीचा हवा होता. शांत, लहानसा. पण ते सगळे मांस खाणारे निघाले! मग आणला तिसराही टँग. आणि टँगला टँग चालत नाही. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पातं असतं त्यांच्या, वस्तऱ्यासारखं. सगळे शाकाहारी अन् सगळ्यांच्या कमरेला वस्तरा — आमच्या घरासारखंच!

१० फेब्रुवारी

नवा काहीच खाईना. अंगावर काळे उभे पट्टे आहेत म्हणून सविता, माझी भावजय, त्याला पट्टू म्हणायलीय. पंपाच्या मागं अंग चोरून उभा. हैदराबादहून नांदेड, नांदेडहून यष्टीनं पालम, एवढा प्रवास केला बिचाऱ्यानं, तो काय मार खायला?

१२ फेब्रुवारी

बोळातल्या सत्यशीला काकू आल्या होत्या. पेटीसमोर बसून फराळ केला, मासे बघितले आणि मग मला बघितलं. "वैजू हाय का अजून?"

आई म्हणाली, "चार दिस आलीय."

चार दिस!! आठ महिने झाले मला येऊन! दिवाळी झाली, संक्रांत झाली, भावकीतल्या प्रत्येक जावळाला-बारशाला मी राबले, ऑनलाइन शिकवणीचे तास इथल्या माळवदावर बसून घेतले, आणि मी चार दिस आलेली पाहुणी! काकू गेल्यावर मी म्हणाले, "सरळ सांगत जा ना, वैजू आता इथंच राहते." तर म्हणे, "लोकाला कशाला सांगायचं घरातलं?"

घरातलं! मी घरातली कुठं आहे?

परभणीला खोली बघणार. ठरलं.

१३ फेब्रुवारी

हळदी दिसली की पट्टू पंपाकडं पळतो. पालकाचं पान चिमट्यानं एका कोपऱ्यात लावते, तिथं ही बाई पहाऱ्यावर. म्हणून दोन टोकांना दोन पानं लावली. तर ही इकडून तिकडं, तिकडून इकडं, दोन्हींवर हक्क. निळू बरा, तो आपला खालच्या दगडावर गप चरतो. शंभूसारखा. घरात आभाळ कोसळलं तरी माझा भाऊ म्हणणार, "अक्का, जाऊ दे ना." आणि शटर उघडायला दुकानात.

१५ फेब्रुवारी

काचेला बाहेरून आरसा लावला. अनेकांचा अनुभव आहे, की दांडगा मासा आपल्याच रूपाशी भांडत बसतो आणि नव्याला सोडतो. हळदी खरंच भांडली. दुपारभर पिसाळल्यासारखी. आईनं येऊन आरसा काढला! "काय खुळ्यावानी करायलीस तिला? धाप लागली माझ्या हळदीला." माझ्या हळदीला! पट्टूच्या पोटाला खळगा पडलाय ते दिसत नाही. त्याला धाप लागायलाही दम उरला नाही.

आईला हळदी आवडते कारण हळदी तिच्या हातातलं पान येऊन ओढते. दांडग्याचं दांडग्याशी जमतं.

संध्याकाळी आणखी एक. चहासाखरेचे डबे मी शेगडीजवळच्या फळीवर ठेवले होते, साधी गोष्ट, हाताशी येतात. परत येऊन बघते तर आईनं डबे पुन्हा वर ठेवलेले, पार त्या कोपऱ्यात, जिथं स्टूल घेतल्याशिवाय माझा हात पोचत नाही. पाचव्यांदा की सहाव्यांदा! स्टूल घेतलं, आदळलं, चढले. सविता खाली मान घालून कणीक मळत होती. लग्नाला सहा वर्षं झाली तिच्या, तिला अजून तिखटमीठ विचारून घ्यावं लागतं. ती सहन करते. मी नाही करणार.

१६ फेब्रुवारी

नळाला आठ दिवसांनी पाणी आलं. मी पेटीसाठी दोन बादल्या बाजूला काढल्या आणि समुद्राचं मीठ कालवायला घेतलं, तर आई: "मानसाला प्यायला न्हाई अन् ही गोड पानी खारट करायलीय!"

बरोबर आहे तिचं. म्हणून जास्तच राग आला.

१९ फेब्रुवारी

आज पट्टू आडवा झाला होता. मेला वाटलं. हात घातला तर हलला. आता एक पंखही चिरलेला.

तळपायाची आग मस्तकाला गेली. जाळी घेतली आणि हळदीला धरायला लागले. अर्धा तास गेला, कोपरापर्यंत भिजले, दगड पडले, आणि शेवटी सापडली. निळ्या टपात पेटीतलंच पाणी घालून तिला ठेवलं, हवेची नळी सोडली.

आई पूजेवरून उठून आली. "आगं, तिला कामून काढलीस? तिची काय चूक हाय? ती पह्यल्यापसून हाय इथं!"

मग मी बोलले. दारं उघडी होती, बोळातल्या लोकांनी ऐकलं असेल, ऐकू देत! म्हणाले, "पहिल्यापासून आहे हाच तर घोळ आहे! हा दगड माझा, ही कपार माझी, पान माझ्याच दाराशी लागणार, असं बसलंय तिच्या डोक्यात. वाईट नाही गं ती. तिला वाटतं हे सगळं आपणच राखलंय. आता मी एकूण एक दगड हलवणार. पट्टूला आधी फिरू देणार, खाऊ देणार, त्याला त्याची कपार सापडू देणार. आणि मग हिला सोडणार, सगळ्यात शेवटी. म्हणजे ही नवी. हिला कळणारच नाही काय कुठं आहे. मग हीच दुसऱ्याच्या मागं मागं फिरेल!"

आई टपावर वाकली. म्हणाली, "अन् ती झुरून मेली मंजी?"

"आठ-दहा दिवसांत कुणी मरत नाही," म्हणाले.

मग दगड हलवले. सगळे. डावीकडचे उजवीकडं, उभे ते आडवे. हात ठणकायलेत.

२० फेब्रुवारी

पट्टूनं पान खाल्लं! आधी कडेकडेनं, मग मधोमध. खाताना मागं वळून वळून बघत होता. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

आई टपाजवळ पाट घेऊन बसली होती. मला बोलली नाही. टपाला बोलत होती.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. आईचा उपास, सविताचा उपास, माझाही. आणि हळदीचा पण! आईनं टपात उकडलेलं रताळं कुस्करून टाकलं. "तिला बी उपासाचंच." पाणी दह्यासारखं झालं! करायला गेली गणपती आणि झालं माकड, तसली गत. पुन्हा बादल्या, पुन्हा मीठ. उपाशीपोटी तासभर टप धुतला आणि आईला नको नको ते बोलले. सणाच्या दिवशी. तीही बोलली: "तुझ्या हातात सत्ता दिली की तू बी काई कमी न्हाईस."

सत्ता! दोन मिठाच्या बादल्या, ही माझी सत्ता!

१ मार्च

हळदीला परत सोडलं. आई शेजारी उभी. पदर तोंडात धरलेला, लेक सासरी चाललीय जशी.

हळदी आधी कोपऱ्यात गेली. तिची कपार तिथं नव्हतीच. मधे आली, काचेला तोंड लावलं, मागं सरली. एकदा पट्टूच्या अंगावर गेली, पण अर्ध्यातूनच वळली. मग पट्टू पानाकडं निघाला, आणि ही बया त्याच्या मागोमाग! त्यानं एक बाजू धरली, हिनं दुसरी. वस्तरा कुणीच काढला नाही.

"भ्याली का गं ती?" आईनं विचारलं.

"भ्याली नाही. तिला ठाऊक नाही म्हणून दुसऱ्याचं बघून चाललीय."

"अन् आता तिला राग न्हाई येनार?"

"राग येईल ना. पण भूक पण लागते."

आई किती तरी वेळ बघत बसली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी उठली नाही. गॅस सवितानं बंद केला.

४ मार्च

परभणीची खोली मिळाली. खालचा मजला, फरशी मजबूत, पेटीचं वजन पेलेल. शंभूला सांगितलं. "अक्का, घाई काय हाय?" घाई! आठ महिन्यांत एकदा तरी म्हणला का, की राहा म्हणून?

जेवताना आईला सांगितलं. पंधरा तारखेला जाते म्हणाले. ती भाकरी मोडत होती. मला वाटलं आता तरी बोलेल. भांडेल तरी. तर विचारते काय, "मासे नेल्यावर तिथं बी पुन्हा दगड हलवावे लागतेत का?"

दगडांची चौकशी! पोटची पोर घर सोडून चाललीय आणि हिला दगड! ताट तसंच सारलं आणि उठले. मी जाणार. कुणी पाया पडलं तरी आता राहत नाही. कुणी पडणारही नाही म्हणा.

अन्नावर राग काढायला नको होता. मेथीची भाजी होती.

५ मार्च

पुस्तकांचा खोका भरला. कुणी विचारलं नाही. आईनं सवितासोबत दिवसभर काही तरी खुसुरफुसुर केली. मी गेले की दोघी गप. करा, मी गेल्यावर काय लावायचं पेटीच्या कोपऱ्यात ते ठरवा आत्ताच!

६ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर पाय ठेवायला जागा नाही. सगळे डबे खाली. डाळी, पिठं, मसाले, मीठ, झाडून सगळे फरशीवर, आणि सगळ्या फळ्या रिकाम्या, पुसलेल्या. सविता मधे उभी. मी म्हणाले, हे काय?

"आई पहिल्या यष्टीनं ताडकळसला गेल्या, मावशीकडं. म्हणल्या, डबे अक्काला तिच्या मनानं लावू दे. कुनी हात लावायचा न्हाई. मी आले की मीठ कुठंय ते तिला विचारून घेईन."

"परत कधी येणार?"

"हळदीला जेवढे दिस भाईर ठेवलं, तेवढ्या, धा दिसानं म्हणल्या."