साहेबाचं छप्पर

माझ्या लेकास, आईचा डोक्यावर हात.

तुझी पोर इथे मजेत आहे. विमा कंपनीच्या पाहणीसाठी छपरावर चढण्याआधी तिच्या कमरेच्या पट्ट्याची कडी न् कडी मी स्वतः ओढून बघते. तू घोर लावून घेऊ नकोस, त्याला मी आहे.

आता ऐक. ज्या साहेबाने तुला दोरीविना उतरत्या छपरावर पिटाळलं, आणि तू पडल्यावर ‘स्वतःची हयगय’ लिहून हात झटकले, त्याच्याच घराचं छप्पर वादळात फुटलं. विम्याच्या पाहणीला गेली कोण? तुझी लेक! मी डबा घेऊन मागोमाग.

ती दोर बांधत होती तर मेला म्हणतो, “कशाला एवढं? चढा पटकन!”

मी म्हटलं, “माझ्या लेकालाही असंच म्हणाला होतास.” तोंड उतरलं त्याचं.

वर कौलांखालचे वाशे कुजलेले निघाले, कित्येक वर्षांचे. पोरीने फोटो काढले, खाली आली आणि खरं तेच लिहिलं: मालकाची स्वतःची हयगय. मी तिला ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचायला लावलं. विम्याचे पैसे बुडाले त्याचे. मला मुळीच दया आली नाही.

पाय अजून ठणकतो का? कुबडी टाकून हिंडू नकोस. आणि हे पत्र दोनदा वाच.

तुझी आई