गाडीचा खोकला

४ जानेवारी
एका ‘हो’ची खरी किंमत — ठरलेलं लग्नाचं भाडं गेलं, बायकोचा दोन दिवस अबोला, आणि गॅरेजवाल्याचा टोमणा, “पोरींची सहल का?” सहल नव्हे, सामना! कॉलेजात पोरींचा बास्केटबॉल सुरू करणाऱ्या बाईंना सात तारखेला परगावच्या सामन्यासाठी माझी बस हवी. माझी धाकटीही त्या संघात आहे. प्राचार्यांनी बजावलंय — दुपारी चारला तिथल्या मैदानावर दिसला नाहीत, तर संघ बंद. ते निमित्ताची वाटच बघतायत. पण बाई पक्क्या! मुलं यायच्या आत पहाटे मैदान गाठतात, चुना स्वतः मारतात. बास्केटची जाळीसुद्धा स्वतः विणलीय.

५ जानेवारी
बाईंनी बसमधून एक फेरी मारली. म्हणाल्या, “गाडी खोकतेय.”
मला सांगतात! “बाई, क्लीनर होतो तेव्हापासून इंजिनं कानाने ओळखतोय. असा कान गावात दुसरा नाही. माझी गाडी वाटेत बसत नाही!”
“बरं. मग सकाळी नऊला निघू.”
तीन तासांचा रस्ता, सामना चारला — आणि नऊला! मी बाराला निघणार होतो. हसलो.
खोकला मीही ऐकला होता. पण शब्द तोंडातून गेला होता ना.

६ जानेवारी
धाकटी बूट उशाशी घेऊन झोपलीय.

७ जानेवारी
बसली. साडेअकराला, सात मैल उरले असताना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
बाई आधी खाली उतरल्या. “उतरा गं. चालायचं. धावायचं नाही — पाय सामन्याला लागतील.” चेंडूंची पिशवी मी खांद्यावर घेतली.
वाटेत एक सायकलवाला ओरडला, “मोर्चा कुठे निघाला?”
“जिंकायला! येताय?” — बाई.
दोनला पोचलो. बाईंनी पोरींना तासभर आडवं व्हायला लावलं. चारच्या ठोक्याला अकराच्या अकरा उभ्या! बाराला निघालो असतो तर?
दोन गुणांनी हरलो. संघ राहिला. समोरच्यांचे मास्तर येऊन बाईंना नमस्कार करून गेले. मी मान वळवून डोळे पुसले.

८ जानेवारी
मैदानावर गेलो. बाई पोरींचा सराव बघत होत्या. शेजारी उभा राहून म्हटलं, “चुकलं माझं. खोकला मलाही कळला होता.” बाईंनी मान वळवली नाही. रागावल्यात. रागवायलाच हवं.

९ जानेवारी
धाकटीला सांगितलं. म्हणाली, “बाबा, कुठल्या बाजूला होतात?”
डावीकडे.
बाईंना त्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नाही.